आधी जुनं खोडा!

बँकेतल्या कारकुनाला जे थोडेफार संस्कार असतात, त्यांतला पहिला संस्कार खोडण्याचा. लिहिता कोणालाही येतं, खोडायला मात्र शिकावं लागतं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या जुन्या हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी मला हा मंत्र दिला. रजिस्टरात आकडा चुकला तर तो गिरवायचा नाही, ब्लेडने खरवडायचा नाही, त्याच्यावर पांढरा रंग फासायचा नाही. त्याच्यावरून एकच सरळ रेघ ओढायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आपली छोटी सही ठोकायची. म्हणजे आधी काय होतं, आता काय आहे आणि हा उद्योग कोणी केला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं जागच्या जागी मिळतात. कल्याणच्या बिर्ला कॉलेजात तीन वर्षं कॉमर्स शिकून मला जे ज्ञान झालं नव्हतं, ते त्या एका रेघेने झालं.

लग्नानंतर हा नियम मी घरीही चालवून पाहिला. पण घरच्या रजिस्टरात रेघ ओढायचा अधिकार माझ्याकडे नाही. आमच्या हिने सकाळी 'येताना कोथिंबीर आणा' म्हटलेलं असतं आणि दुपारी फोनवर 'काही आणू नका' म्हटलेलं असतं. संध्याकाळी मी रिकाम्या हाताने आलो की 'कोथिंबीर?' आणि जुडी घेऊन आलो की 'सांगितलं होतं ना!' दोन्ही सूचना जिवंत. खोडलेली एकही नाही. कोणती लागू, ते माझं तोंड दारात दिसल्यावर ठरतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचे भाचेबुवा. हे धाकट्या बहिणीचे चिरंजीव नोकरीसाठी आमच्याकडे मोहन्याला राहायला आले. नोकरी ऐरोलीच्या कंपनीत, पण कंपनी आमच्या हॉलमध्ये, कारण आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. संगणकाच्या पडद्यावर जी पानं दिसतात त्यांचं नाकडोळे सांभाळणं हा त्यांचा धंदा. मी म्हटलं, पगार घेतोस, जेवतोस आमच्याकडे, तर आमच्या सोसायटीचंही एक पान करून दे. मी सोसायटीचा खजिनदार आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला सोसायटीत दुसरं कुठलंही पद मिळत नाही. महिन्याचा मेंटेनन्स लोकांनी फोनवरून भरावा, पावती तिथेच मिळावी, एवढीच माझी अपेक्षा.

पान सुरेख झालं. तक्रार एकच होती. तळमजल्यावरच्या आजींच्या लहानशा फोनवर 'पैसे भरा' हे बटण इतकं ऐसपैस पसरायचं की शेजारचं 'पावती' हे बटण पडद्याबाहेर ढकललं जायचं. लोकलच्या तिसऱ्या सीटवर बसणारा चौथ्याला जसा टेकू देतो तसं. मी म्हटलं, "बाबा रे, त्या बटणाच्या दोन्ही कुशींतली मोकळी जागा जरा कमी कर."

"हे काय, लगेच," असं म्हणून भाच्याने काहीतरी टिपलं. बटण होतं तेवढंच. पुन्हा टिपलं. बटण ढिम्म.

मी खुर्ची ओढून बसलो. पडद्यावर त्या बटणाच्या नावापुढे शब्दांची एक मालगाडी उभी होती. त्यात आधी 'पीएक्स-४' असा डबा होता आणि अगदी शेवटी, भाच्याने आत्ता जोडलेला, 'पीएक्स-२'. चार म्हणजे दोन्ही बाजूंना सोळा-सोळा ठिपके जागा, दोन म्हणजे आठ-आठ. मी म्हटलं, "अरे, तू शेवटी दोन लिहिलंयस ना? मग चार कसं चालू आहे?"

"मामा, शेवटी लिहिलं याला इथे काही अर्थ नसतो."

वाचकहो, मी वीस वर्षं बँकेत काढली आहेत. गिऱ्हाइकाच्या शेवटच्या सूचनेला अर्थ नसतो हे वाक्य माझ्या घरात, माझ्याच भाच्याच्या तोंडून मला प्रथमच ऐकू आलं. मी चहा मागवला आणि म्हटलं, नीट समजावून सांग.

त्याने समजावलं ते असं. १९९४ च्या ऑक्टोबरात होकुन विउम ली नावाच्या नॉर्वेच्या गृहस्थाने वेबच्या पानांचा पोशाख ठरवणारी एक भाषा सुचवली. १९९६ च्या डिसेंबरात तिचं पहिलं अधिकृत रूप आलं. तिला सीएसएस म्हणतात. त्यातल्या पहिल्या शब्दाचा, म्हणजे 'कॅस्केड'चा अर्थ पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं पाणी. एकाच बटणाला चार जणांनी चार हुकूम दिले तर कोणाचा चालायचा, हे ठरवणाऱ्या पायऱ्या म्हणजे ती भाषा. सर्वसाधारण हुकमापेक्षा खास हुकूम मोठा. दोन्ही सारख्याच वजनाचे असले तर नियमपुस्तकात जो नंतर छापलेला तो मोठा. आणि हुकमाला 'इम्पॉर्टंट' असा शिक्का मारला तर तो सगळ्यांच्या डोक्यावर. हा शिक्का मला लगेच ओळखीचा वाटला. आमच्या हेडऑफिसातून येणाऱ्या प्रत्येक कागदावर 'अर्जंट' असतं. त्यामुळे ज्याच्यावर नसतं तोच कागद आम्ही आधी उघडतो.

पूर्वी म्हणे प्रत्येक बटणाला एक नाव द्यायचे आणि त्या नावाखाली सगळा पोशाख लिहून ठेवायचे. आता पद्धत बदलली. २०१७ मध्ये अ‍ॅडम वॉथन या माणसाने टेलविंड नावाचं साधन आणलं, म्हणजे पाठचा वारा. त्यात तयार पोशाख नाही, सुट्टे तुकडे. एक तुकडा जागेचा, एक रंगाचा, एक अक्षराच्या आकाराचा, एक कोपऱ्याच्या गोलाईचा. आमची ही पलीकडून म्हणाली, "म्हणजे तयार गोडा मसाला नाही, मिसळणाचा डबा." भाचा क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. दोन वर्षांत त्याच्या साहेबाला इतकं सुटसुटीत सांगता आलं नव्हतं.

पण मिसळणाच्या डब्यात एक गैरसोय आहे. हे सगळे तुकडे वजनाला सारखे. तेव्हा कोणाचं चालायचं हे ठरतं ते नियमपुस्तकातल्या क्रमावरून. ते पुस्तक यंत्र आपलं आपण लावतं आणि त्यात दोन आधी, चार नंतर. म्हणून तुम्ही मालगाडीत दोन शेवटी जोडा की मधे, चारच जिंकणार. गंमत अशी की मी जागा वाढवायला सांगितली असती, चाराच्या पुढे सहा लिहायला लावला असता, तर बटणाने मुकाट्याने ऐकलं असतं. वाढवायचा हुकूम चालतो, कमी करायचा चालत नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सला हा नियम आम्ही संगणकाच्या कितीतरी आधीपासून लावत आलो आहोत.

"मग यावर उपाय?"

"उपाय आहे ना!" भाचा उत्साहाने म्हणाला. "एक साधन सगळ्या तुकड्यांची एक माळ करून देतं, दुसरं त्या माळेतली भांडणं सोडवतं. पहिल्याचं नाव सीएलएसएक्स, दुसऱ्याचं टेलविंड-मर्ज. दुनिया दोन्ही एकत्र वापरते."

हे दुसरं साधन मात्र हुशार आहे. मी त्याची आमच्या पद्धतीने झडती घेतली, तेव्हा तोंडभर मान्य करतो. ते माळ डावीकडून उजवीकडे बघतं आणि दोन मणी एकाच जागेसाठी भांडत असतील तर उजवीकडचा ठेवून डावीकडचा काढून टाकतं. 'पीएक्स-४' आणि मग 'पीएक्स-२' दिलं की हातात नुसतं 'पीएक्स-२' येतं. आधी आडव्या-उभ्या जागांचे वेगवेगळे मणी असले आणि शेवटी चारी बाजूंची जागा सांगणारा एकच मणी आला, तर तो आधीच्या दोघांनाही घरी पाठवतो. पण उलट असेल, आधी चारी बाजूंचा हुकूम आणि मग फक्त डाव्या-उजव्या बाजूचा, तर दोघांनाही ठेवतो, कारण दुसरा पहिल्याला खोटं पाडत नाही, नुसता त्यात पोटकलम घालतो. बटणावर बोट किंवा बाण नेल्यावर दिसायचा रंग आणि एरवी दिसायचा रंग यांत तो भांडण मानत नाही. 'टेक्स्ट' या एकाच शब्दाने सुरू होणारे दोन मणी असले, एक अक्षराच्या आकाराचा आणि एक रंगाचा, तरी गोंधळत नाही. आडनाव एक म्हणून सगळे कुलकर्णी एका वाटणीला भांडत नाहीत, एवढी अक्कल त्याला आहे. आमच्या शाखेत ती सगळ्यांना आहे असं म्हणवत नाही.

भाच्याने ते साधन लावलं. बटण आकसलं. 'पावती' आत आली. आजींचा फोन हसला. इथे कोणीही शहाणा माणूस उठून जेवायला गेला असता. पण मी कारकून आहे. मी विचारलं, "तो चार कोणी खोडला?"

"साधनाने."

"खोडल्याची सही कुठाय?"

"सही?"

"मूळ कागदावर चार अजून आहेच की! तू त्याच्यावर रेघ मारलेली नाहीस. तू शेवटी दोन चिकटवलास आणि पान उघडेल तेव्हा आपोआप चार गाळायला एक नोकर बसवलास. उद्या दुसरा कोणी येईल, तीन चिकटवेल. परवा तिसरा सहा. माळ वाढतच जाणार, आणि कोणी काही काढायचं नाही, कारण काढायला नोकर आहेच!"

माझी तक्रार त्या नोकरावर नाहीच. तो इमानी आहे. तक्रार आहे ती त्याच्या जिवावर सैल झालेल्या मालकांवर. ज्या घरात मोलकरीण येते त्या घरातली माणसं कप जिथल्या तिथे सोडून उठतात, तसं हे आहे. आणि नोकर इमानी असला तरी त्याला घरातली टोपणनावं ठाऊक नसतात. भाच्यानेच कबूल केलं की त्यांच्या कंपनीत अक्षराच्या एका आकाराला कोणीतरी खास घरचं नाव ठेवलं होतं. साधनाला ते नाव शिकवलेलं नव्हतं. त्याने त्याला रंग समजून, शेजारी खरा रंग आल्याबरोबर उडवून लावलं. मथळा एकदम बारीक झाला आणि सहा इंजिनियर दुपारभर तो शोधत बसले. सहीशिवाय खोडल्यावर दुसरं काय होणार? शोधायचं कोणाला, हेच कळत नाही.

भाचा चिडला. त्याचंही बरोबर होतं. म्हणाला, "मामा, एकच बटण वीस ठिकाणी वापरायचं असतं. एका ठिकाणी जरा अरुंद हवं, दुसरीकडे जरा रुंद. प्रत्येक वेळी मूळ बटण खोडत बसू? मग बाकीची एकोणीस बिघडतील!"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी आणखी अर्धा कप चहा मागवला. मग म्हटलं, "आमच्याकडे गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, मला थोडं वेगळं खातं हवं, तर आम्ही खात्याच्या फॉर्मवर त्याला वाटेल ते लिहू देत नाही. फॉर्मात चौकोन असतात: बचत, चालू, मुदत. हवी त्यावर खूण करा. तुझ्या बटणालाही चौकोन ठेव: अरुंद, मध्यम, रुंद. मागणाऱ्याने नाव सांगावं. आत कुठला मणी ठेवायचा आणि कुठला काढायचा, ते बटणाच्या मालकाने ठरवावं, एकदाच, उघड्यावर, सहीनिशी."

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला की ज्याने हे साधन लिहिलं, त्यानेच माहितीपत्रकात लिहून ठेवलंय, काही ठिकाणी हे वापरता येईल पण वापरू नका, अशा ठिकाणी आधीच ठरवून दिलेले प्रकार ठेवा. म्हणजे औषध बनवणारा बाटलीवर लिहितोय की जपून घ्या, आणि घेणारे आमटीसारखं ओरपताहेत!

'शेवटचा जिंकतो' हा नियम मला मुळात सरळ वाटत नाही, आणि त्याला मोठा आधार मला आमच्याच जिन्यात भेटला. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त संस्कृतचे सर राहतात. कचऱ्याची बादली घेऊन उतरताना मी त्यांना हे बटणपुराण सांगितलं. सरांनी बादली खाली ठेवली. म्हणाले, "अहो, हे तर पाणिनीचं!"

पाणिनीने अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेचं यंत्र बसवलं. एकाच शब्दावर दोन नियम एकाच वेळी चालून आले तर काय करायचं, हा प्रश्न त्यालाही पडलाच. सर्वसाधारण नियम म्हणजे उत्सर्ग आणि खास नियम म्हणजे अपवाद, आणि अपवाद जिंकतो, हे ठरलेलं. पण सारख्या बळाच्या दोन नियमांत भांडण लागलं तर? त्यासाठी पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात दुसरं सूत्र आहे: अशा वेळी जो 'पर' असेल तो चालवावा. आता 'पर' म्हणजे कोण? परंपरेने शतकानुशतकं सांगितलं, पुस्तकात जो नंतर आलेला, तो. म्हणजे तंतोतंत भाच्याची सीएसएस! मग २०२२ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या ऋषी राजपोपट या संशोधकाचं म्हणणं जगभर गाजलं: 'पर' म्हणजे पुस्तकात नंतरचा नव्हे, शब्दाच्या उजव्या बाजूच्या भागाला लागू होणारा. म्हणजे तंतोतंत टेलविंड-मर्ज! सगळ्या पंडितांना ते पटलंय असं नाही, वाद चालूच आहे.

सर बादली उचलून गेले आणि मी जिन्यातच उभा राहिलो. 'नंतरचा' म्हणजे पुस्तकात नंतरचा की ओळीत उजवीकडचा, यावर एवढ्या विद्वानांचं इतक्या शतकांत एकमत होत नाही, आणि आम्ही खुशाल म्हणतो, शेवटी लिहिलंय ना, मग चालेल! कोणाच्या हिशेबाने शेवटी? लिहिणाऱ्याच्या की यंत्राच्या?

हा प्रश्न मला विनोदाने पडलेला नाही. तो मला एकदा फार महागात पडला आहे, म्हणजे खरं तर दुसऱ्यालाच पडला. त्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. आता लिहितो.

आमच्या शाखेत मोहन्यातलेच एक गृहस्थ येत. एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली, त्याच्या आधीच निवृत्त झालेले. त्यांनी बँकेला एक लेखी सूचना देऊन ठेवली होती: दर महिन्याच्या २ तारखेला माझ्या खात्यातून ३,००० रुपये मुलीच्या खात्यात जावेत. काही वर्षांनी दुसरं पत्र आणलं: औषधांचा खर्च वाढला आहे, ह्यापुढे हे ३,००० रुपये मुलीऐवजी औषधवाल्याच्या खात्यात जावेत. पत्र माझ्या हातात आलं. टेबलासमोर पंधरा माणसांची रांग. मी नवी सूचना यंत्रात घातली, तारीख ७. अधिकाऱ्याची मंजुरी घेतली, पत्र फायलीत लावलं, "झालं काका" म्हटलं. जुनी सूचना खोडायची राहिली.

पुढे काय झालं ते कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. २ तारखेला यंत्राने ३,००० मुलीला पाठवले. ७ तारखेला औषधवाल्याला पाठवायला गेलं तर शिल्लक अपुरी. सूचना परत. काकांची शेवटची इच्छा यंत्राला माहीत होती, पण यंत्राची 'शेवट'ची व्याख्या वेगळी होती. त्याच्या पुस्तकात २ तारीख ७ च्या आधी येते, आणि जो आधी आला तो पैसे घेऊन गेला. यंत्र चुकलं नाही. मी एक मणी जोडला होता आणि एक काढला नव्हता.

असे तीन महिने गेले. औषधवाल्याने उधारी थांबवली. काका रक्तदाबाची गोळी अर्धी करून घेऊ लागले. आणि त्यांची समजूत झाली की मुलीनेच बँकेत येऊन आपलं पत्र फिरवलं. त्यांनी तिचा फोन घेणं बंद केलं. तिकडे तिला वाटलं, बाबांचं काहीतरी बिनसलंय.

तिसऱ्या महिन्यात ते पासबुक घेऊन आले. आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, माझं शेवटचं पत्र कुठलं, ते तुमच्याकडेच आहे ना?"

होतं. फायलीत सगळ्यात वर होतं. त्याखाली पहिलं पत्रही होतं, तितकंच ताठ, त्याच्यावर एकही रेघ नसलेलं. मी त्यांच्यासमोर जुनी सूचना रद्द केली, अधिकाऱ्याला जाऊन चूक माझी म्हणून सांगितलं आणि त्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. मुलीला फोन मी लावला आणि ते पत्र कोणामुळे फसलं ते मीच सांगितलं. ती पलीकडून बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांना द्या फोन." मी चपला घालून बाहेर आलो. संध्याकाळी तिचे ९,००० काकांच्या खात्यात जमा झाले होते. पण त्या अर्ध्या गोळ्या आणि ते न उचललेले फोन कुठल्या खात्यातून परत करायचे, ते मला अजून समजलेलं नाही.

म्हणून, वाचकहो, जिथे जिथे मला 'चिकटवा आणि विसरा' दिसतं तिथे माझं टाळकं फिरतं. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. १९८५ च्या बँक नामनिर्देशनाच्या नियमांत तीन स्वतंत्र अर्ज होते. नाव लावायचं तर डीए-१. लावलेलं नाव रद्द करायचं तर डीए-२. एक काढून दुसरं लावायचं तर डीए-३. जोडणं, खोडणं आणि बदलणं ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींना वेगळी सही लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. संगणकवाल्यांनी जगाला नुसता डीए-१ दिला आणि डीए-२ ची कारकुनी एका न बोलणाऱ्या नोकराकडे सोपवली.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चारपर्यंत नावं लावता येतात. पण कायदा तिथे थांबत नाही. तो विचारतो: ही चार नावं एकाच वेळी हक्कदार, प्रत्येकाचा वाटा ठरलेला? की एकामागून एक, पहिला नसेल तर दुसरा? लिहून द्या! एकत्र नांदायचं की एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची, हे यंत्राने ओळखायचं नाही, खातेदाराने सांगायचं. आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला रिझर्व्ह बँकेने वर्षानुवर्षं साचलेली नऊ हजारांहून अधिक परिपत्रकं मागे घेऊन त्यांच्या जागी २४४ एकत्रित निर्देश काढले. वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जोडणं सगळेच करतात हो. नऊ हजार कागद उघड्यावर, तारीख घालून खोडणारा मला आयुष्यात प्रथमच दिसला.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं, काकांचंही. त्या रात्री तो उशिरापर्यंत बसला. सकाळी बटणाच्या मूळ कागदावर तीन चौकोन होते: अरुंद, मध्यम, रुंद. चार जिथे नको होता तिथून गेला होता, आणि बदलाच्या नोंदीत त्याचं नाव, तारीख आणि एक ओळ होती. साधन त्याने काढलं नाही. म्हणाला, "राहू दे मामा, कोणाच्या हातून चुकून राहिलंच तर आहे." मी म्हटलं, राहू दे. घरात मोलकरीण असावी. आपला कप आपण उचलावा.

त्याच उत्साहात मी सोसायटीच्या नोटीसबोर्डाकडे वळलो. शहराला ज्या उल्हास नदीचं पाणी जातं ते आमच्या मोहन्यातून उचलतात, पण आमच्या इमारतीत पाणी कधी येतं हे ब्रह्मदेवाला ठाऊक. बोर्डावर मात्र तीन उत्तरं होती: 'सकाळी ६ ते ७', 'सायंकाळी ५ ते ६' आणि 'पुढील सूचनेपर्यंत पूर्वीप्रमाणे'. तिन्ही सहीची, तिन्हींवर तारीख नाही. मी तिसऱ्यातलं 'पूर्वी' म्हणजे नेमकं केव्हा, ते सेक्रेटरींना फोन करून विचारलं, बाद झालेल्या दोन कागदांवर सरळ रेघ मारली, सही केली आणि काढून फायलीला लावले. बोर्ड कसा लख्ख दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर बोर्डावर एक नवी नोटीस होती: 'बोर्डावरील नोटिसा कोणीही परस्पर काढू नयेत.'

ती पाण्याच्या वेळेवर चिकटवली होती.